धरण पाहावे जाणत्या नजरेने

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील नांदगाव हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव त्याच्या तिठ्यासाठी परिचित आहे. देवगडच्या बंदराकडून निपाणीकडे जाणारा रस्ता येथेच महामार्गास मिळतो आणि पुढे पूर्वेस फोंड्याची वाट धरतो. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाल्यापासून नांदगाव रोड हे स्थानकही प्रवाशांच्या सोयीचे झाले आहे. या तिठ्यावरून निघालेला प्रवासी फोंडा घाट चढून जातो, दाजीपूरच्या गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले अरण्य ओलांडतो आणि भोगावती नदीच्या खोऱ्यात उतरतो. तेथे फेजिवडे गावानजीक राधानगरीचे दगडी धरण उभे आहे. शेतीला पाणी आणि त्याच पाण्यापासून वीज, अशी दोन्ही कामे करणारे हे धरण आजच्या महाकाय प्रकल्पांच्या तुलनेने लहानच म्हटले पाहिजे. तथापि धरण म्हणजे काय, ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेण्यास यासारखे दुसरे ठिकाण कोकणवासीयांना इतक्या जवळ सापडणार नाही.

वर्षाकाळात सांडव्यावरून कोसळणारे पाणी पाहण्यास हजारो लोक धरणांवर जातात. पाण्याचा देखावा मनोहर असतो, यात शंका नाही. परंतु शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक किंवा पाण्याविषयी आस्था बाळगणारा कोणीही नागरिक धरणावर जातो, तेव्हा त्याने देखाव्याच्या पलीकडे पाहावे, अशी अपेक्षा आहे. पुढील विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

एका कड्याच्या दोन बाजू

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस एकच. परंतु त्याचे भाग्य मात्र तो कोणत्या उतारावर पडतो यावर ठरते. पश्चिमेस वळलेले पाणी पन्नास-साठ किलोमीटरांच्या आत अरबी समुद्रास मिळते. कणकवलीवरून वाहणारी गड नदी मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीतून समुद्रात जाते, तेव्हा तिचा सारा प्रवास फारच थोडक्यात आटोपलेला असतो. पूर्वेस वळलेले पाणी मात्र भोगावतीतून पंचगंगेत, नृसिंहवाडीजवळ पंचगंगेतून कृष्णेत, आणि कृष्णेतून चार राज्यांतून वाहत बंगालच्या उपसागरात जाते. वाटेवर त्याचे वाटेकरी अनेक आहेत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी मुरते खरे, परंतु ते उतारावरून झऱ्यावाटे लवकर निघूनही जाते. पावसाचे चार महिने आणि गरजेचे बारा महिने यांचा मेळ बसत नाही, हे कोकणाचे खरे दुखणे आहे. धरणाचे मूळ कार्य येथेच ध्यानात येते. धरण नवे पाणी निर्माण करीत नाही. जुलैचे पाणी एप्रिलसाठी राखून ठेवते. धरणाविषयीचा प्रत्येक निर्णय अखेर या वेळेच्या नियोजनाशी येऊन मिळतो.

अपुऱ्या भिंतीचा इतिहास

कोल्हापूर संस्थानात १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला. नुकतीच राज्यसूत्रे हाती घेतलेल्या राजर्षी शाहू छत्रपतींना त्या अनुभवातून पाण्याचे मोल उमगले. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानाचे पाटबंधारेविषयक धोरण आखले आणि पुढे काही वर्षांतच भोगावतीवर मोठे धरण बांधण्याची योजना हाती घेतली. धरणालगत वसविलेल्या पेठेस आपल्या कन्येच्या नावावरून राधानगरी, तर जलाशयास महाराणी लक्ष्मीबाई तलाव अशी नावे त्यांनी दिली.

संस्थानाच्या तिजोरीच्या मानाने हे काम फार मोठे होते. १९१८ च्या सुमारास पैशाअभावी ते थांबले. भिंत ठरलेल्या उंचीस पोहोचली नव्हती. तरीही तिच्यामागे पाणी साठू लागले होते. ६ मे १९२२ रोजी शाहू छत्रपतींचे निधन झाले, तेव्हा धरण अपुरेच होते. पुढे काम पुन्हा सुरू झाले. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५४ मध्ये धरण पूर्णत्वास गेले. योजना आखणारा राजा, मध्यंतरी ती चालविणारे प्रशासन आणि ती पुरी करणारे लोकनियुक्त शासन, अशा तीन राजवटींचे हात या भिंतीला लागले आहेत. सार्वजनिक काम एका कारकिर्दीत पुरे झाले नाही म्हणून ते वाया जात नाही, हा बोध गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही घ्यावा असा आहे.

आज ही भिंत १,१४३ मीटर लांब आणि पायाच्या सर्वांत खोल भागापासून सुमारे ४२.६८ मीटर उंच आहे. जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे २३ कोटी ६८ लाख घनमीटर, म्हणजे ८.३६ टी.एम.सी. आहे. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी.

आपोआप उघडणारे दरवाजे

राधानगरीच्या भिंतीवरील सात स्वयंचलित दरवाजे हे अभ्यासकांचे मोठे आकर्षण आहे. पावसाळ्यात वृत्तपत्रांतून 'तीन क्रमांकाचा दरवाजा उघडला', 'सातही दरवाजे उघडले' अशा बातम्या येतात. हे दरवाजे कोणी कळ दाबून उघडत नाही. पाण्याची पातळी ठराविक मर्यादेला पोहोचली की पाण्याच्याच जोराने ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात.

अशा दरवाजांचे तत्त्व वाण्याच्या तराजूसारखे असते. एका बाजूस दरवाजा व त्यावर येणारा पाण्याचा दाब, दुसऱ्या बाजूस त्याला तोलून धरणारे जड वजन. पाणी मर्यादेच्या खाली असेतो वजनाचे पारडे भारी राहते आणि दरवाजा घट्ट बसतो. पाणी वर चढले की दाब वाढतो, तोल सुटतो आणि मार्ग मोकळा होतो. ऐन पावसात, वीज खंडित असताना किंवा घाटरस्ता बंद पडला असतानाही हे दरवाजे आपले काम करतात, हा त्यांचा मोठा गुण होय.

एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट, म्हणजे १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. हा आकडा शाळेतील मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. त्या हिशेबाने एका दरवाजातून दर सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी वाहते. दहा हजार लिटरांचे चार टँकर एका क्षणात रिते व्हावेत, तसे. सातही दरवाजे उघडले म्हणजे विसर्ग जवळजवळ दहा हजार क्युसेक होतो. हे दरवाजे चोवीस तास उघडे राहिले तर सुमारे ०.८६ टी.एम.सी., म्हणजे पूर्ण जलाशयाच्या दशांशाएवढे पाणी एका दिवसात नदीत जाते.

एक पाणी, दोन कामे

विद्युतगृह धरणाच्या पायथ्याशी आहे. जलाशयातील पाणी नळातून वेगाने खाली येते, त्याच्या जोराने चक्र फिरते आणि चक्राला जोडलेल्या जनित्रात वीज निर्माण होते. येथील मूळ विद्युतगृहात प्रत्येकी १,२०० किलोवॉटचे चार संच होते. म्हणजे एकूण क्षमता ४.८ मेगावॉट. कोयनेसारख्या प्रकल्पापुढे ही क्षमता अगदी अल्प होय. परंतु लहान विद्युतगृहाचे मोल केवळ मेगावॉटने करता येत नाही.

जलविद्युतेचा हिशेब सोपा आहे. पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते, या दोन गोष्टींवर वीज ठरते. यंत्रातील घट वजा जाता, सेकंदाला एक घनमीटर पाणी तीस मीटर खाली आले तर सुमारे २४० किलोवॉट वीज मिळते. पाच अश्वशक्तीचे साठांहून अधिक पंप तिच्यावर चालू शकतील. मुख्य म्हणजे एवढी वीज दिल्यानंतर ते पाणी जसेच्या तसे शिल्लक राहते. चक्रातून बाहेर पडलेला एकही थेंब कमी झालेला नसतो. तोच पुढे उसाला आणि भाताला जातो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. कोयनेचे पाणी विजेसाठी सह्याद्रीतून बोगद्यांवाटे पश्चिमेस कोकणात उतरविले जाते. उंची फार मोठी मिळते, म्हणून वीजही मोठी मिळते; पण ते पाणी कृष्णा खोऱ्याला कायमचे अंतरते. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टी.एम.सी.ची मर्यादा घातली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तिलारी जलविद्युत प्रकल्पातही घाटमाथ्यावर, चंदगड तालुक्यात साठविलेले पाणी कोकणात उतरवून वीज घेतली जाते. तेथे खाली आलेले पाणी तिलारी नदीला मिळते आणि महाराष्ट्र व गोवा यांच्या संयुक्त पाटबंधारे प्रकल्पास ते उपयोगी पडते. राधानगरीत मात्र पाणी आपल्याच नदीत, आपल्याच खोऱ्यात राहते.

यामुळे एक प्रश्न उद्भवतो. विजेची मागणी रोजची, विशेषतः सायंकाळची असते. शेतीची मागणी हंगामाची, विशेषतः जानेवारी ते मे या काळातील असते. दोघांचे वेळापत्रक जुळले नाही तर कोणाचे चालावयाचे? राधानगरीसारख्या धरणात शेती व पिण्याचे पाणी यांना अग्रमान असतो. उन्हाळ्यात शेतीसाठी पाणी सोडले जाते, तेव्हा ते जाता जाता वीज देऊन जाते. पावसाळ्यात जास्तीचे पाणीही आधी विद्युतगृहातून सोडले जाते. केवळ विजेसाठी साठा रिता केला तर एप्रिलमध्ये शेतकऱ्याने कोणाकडे पाहावे, हा प्रश्न उरतो.

नदी हाच कालवा

धरण म्हटले की त्याच्या दोन्ही बाजूंनी निघणारे कालवे डोळ्यांपुढे येतात. राधानगरीला भेट देणाऱ्यास येथे निराळेच चित्र दिसते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून खाली जाते आणि पात्रात ठिकठिकाणी बांधलेले बंधारे ते अडवून धरतात. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' या नावाने ते सर्व महाराष्ट्रात ओळखले जातात.

या बंधाऱ्याची रचना साधी असून तिच्यातील शहाणपण मोठे आहे. नदीच्या पात्रात ओळीने खांब उभे करून त्यांना खाचा ठेवलेल्या असतात. पावसाळा ओसरला की या खाचांत लाकडी फळ्यांच्या, म्हणजे बरग्यांच्या दोन ओळी बसवितात व मधल्या पोकळीत माती ठासून भरतात. पाणी अडते. पावसाळ्यापूर्वी बरगे काढून घेतले की पूर विनाअडथळा वाहतो आणि साचलेला गाळही धुऊन जातो. आता पुष्कळ ठिकाणी लाकडाऐवजी लोखंडी बरगे वापरतात. तत्त्व मात्र तेच आहे. वर्षातून दोनदा, योग्य त्या वेळी माणसांनी हात लावला तरच हा बंधारा काम करतो. बरगे घालण्यास आठ दिवस उशीर झाला तर पाणी निघून जाते. काढण्यास उशीर झाला तर पहिल्या पुरास अडथळा होतो.

बंधाऱ्यामागे अडलेले पाणी काठावरील पंप उचलतात. सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी ते दूरवरच्या माळावर नेले, ऊस वाढला आणि त्यावर सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कालव्यासाठी जमीन घ्यावी लागली नाही, हा या पद्धतीचा लाभ. तिची दुसरी बाजूही आहे. नदीकाठच्या प्रत्येक पंपधारकाच्या हाती जणू स्वतःची चावी असते. वरच्या अंगाच्या पंपांनी अधिक पाणी उचलले तर खालच्या बंधाऱ्यापर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून टंचाईच्या दिवसांत पाटबंधारे विभागास 'उपसाबंदी' जाहीर करावी लागते. अमुक दिवस पंप बंद, अमुक दिवस चालू, असे हे वेळापत्रक असते. ते पाळले जाते तेथे धरणाचे पाणी शेवटच्या गावालाही मिळते.

पुराचे गणित

२०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेने कोल्हापूर व परिसरात महापूर आणला. कोल्हापूरनजीक कसबा बावडा येथील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी मानतात. या दोन्ही पुरांत पाणी पन्नास फुटांपलीकडे गेले. अशा वेळी 'धरणाचे दरवाजे उघडले म्हणून पूर आला' असे सर्रास बोलले जाते. त्यात तथ्य किती, हे पाहणे आवश्यक आहे.

जलाशय भरलेला असताना वरून जेवढे पाणी येते, जवळजवळ तेवढेच खाली जाते. अशा धरणाला पूर थोपविता येत नाही. रिकामी जागा असेल तरच ते पुराचा काही भाग पोटात घेऊ शकते. मग जुलै-ऑगस्टमध्ये धरण थोडे रिकामे का ठेवीत नाहीत? ठेवले आणि सप्टेंबरात पाऊस रुसला, तर उन्हाळ्याचे पाणी गेले. भरले आणि अतिवृष्टी झाली, तर पुराला वाव मिळाला. या दोहोंच्या मधली वाट अभियंत्याला दर पावसाळ्यात, दर दिवशी शोधावी लागते. त्यात स्वयंचलित दरवाजांचा गुण हीच त्यांची मर्यादाही ठरते. पातळी भरल्याशिवाय ते उघडत नाहीत. आगाऊ जागा करावयाची झाल्यास पाणी विद्युतगृहातून किंवा खालच्या सेवा दरवाजातून सोडावे लागते. शिवाय भोगावतीबरोबरच कासारी, कुंभी आणि तुळशी या नद्यांचे पाणीही पंचगंगेत येते. केवळ एका धरणाकडे बोट दाखवून पुराचे कारण कळत नाही.

यंत्र कितीही जुने व भरवशाचे असले तरी त्याची देखभाल चुकवून चालत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये राधानगरीचा एक सेवा दरवाजा दुरुस्तीच्या वेळी अडकून राहिला आणि ऐन हिवाळ्यात नदीला मोठा विसर्ग सुरू झाला. नदीपात्र पावसाळ्यातच धोक्याचे असते, हा समज अशा प्रसंगी अपुरा ठरतो.

गावाजवळचे लहान धरण

राधानगरीसारख्या धरणावर अभियंते व कर्मचारी असतात, दररोज नोंदी होतात. कोकणातील लहान मातीच्या धरणांची स्थिती निराळी असते. तेथे पुष्कळदा गावकऱ्यांची नजर हाच नित्याचा पहारा असतो. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धरणाच्या गळतीविषयी ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. या दुर्घटनेनंतर लहान धरणाकडे पाहण्याची दृष्टी हा कुतूहलाचा विषय राहिलेला नाही.

मातीच्या धरणावर काय पाहावे, हे प्रत्येक पंचायत सदस्यास ठाऊक असावे. भिंतीच्या कोरड्या, म्हणजे खालच्या उतारावर ओल किंवा अवेळी हिरवे गवत दिसते काय, हे प्रथम पाहावे. पायथ्याशी थोडे स्वच्छ पाणी झिरपणे अनेक धरणांत आढळते. पण तेच पाणी गढूळ होऊ लागले तर आतील माती वाहून जात आहे, असे समजून तत्काळ कळवावे. भिंतीचा माथा कोठे खचला आहे काय, तडे गेले आहेत काय, उंदीर-घुशींची किंवा खेकड्यांची बिळे आहेत काय, मोठी झाडे वाढली आहेत काय, याची नोंद घ्यावी. झाडांची मुळे आणि प्राण्यांची बिळे पाण्याला वाट करून देतात. सांडवा झुडपांनी, दगडांनी अथवा कोणाच्या बांधकामाने अडलेला नसावा. मातीच्या धरणावरून पाणी वाहिले तर ते फार काळ टिकत नाही.

संसदेने २०२१ मध्ये धरण सुरक्षा अधिनियम संमत केला. या अधिनियमाच्या कक्षेत येणाऱ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी होणे आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार असणे अपेक्षित आहे. आपल्या क्षेत्रातील धरणाची तपासणी कधी झाली, आराखडा आहे काय, धोक्याचा इशारा कोणी कोणास द्यावयाचा, हे प्रश्न ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत. दिसलेला दोष तोंडी सांगून थांबू नये. तो तारखेसह लेखी कळवावा, पोच घ्यावी आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवावा.

भेट कधी व कशी

धरणाची खरी ओळख एका भेटीत होत नाही. ऑगस्टमध्ये सांडवा व दरवाजे दिसतात, नोव्हेंबरात भरलेला साठा व बंधाऱ्यांत बसविलेले बरगे दिसतात, तर मे महिन्यात उघडा पडलेला तळ आणि त्यावर साचलेला गाळ दिसतो. तिन्ही वेळा तीच जागा पाहिली म्हणजे पाण्याचे वार्षिक चक्र ध्यानात येते. विद्युतगृह किंवा धरणाचा माथा पाहावयाचा असल्यास संबंधित कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी व छायाचित्रणाविषयीचे नियम पाळावेत. विद्यार्थ्यांची सहल नेताना नदीपात्रात उतरणे कटाक्षाने टाळावे. विसर्ग वाढल्यास पात्रातील पाणी अल्पावधीत चढते. परिसर राधानगरी अभयारण्याचा असून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून त्याचा समावेश आहे, याचेही भान ठेवावे.

सहलीहून परतल्यावर शाळांना पुष्कळ काही करता येईल. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस फळ्यावर लिहावा. वाडीतील दोन-तीन विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्यास मोजावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावच्या ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घातला जातो. तो घालण्यापूर्वीची व नंतरची विहिरींची पातळी मुलांनीच टिपावी. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी हाती असल्या की बंधारा कोठे घालावा, केव्हा घालावा, यावर ग्रामसभेत अंदाजाऐवजी आकड्यांनी बोलता येते.

नांदगावच्या तिठ्यावरून निघालेला रस्ता देवगडचा किनारा आणि घाटमाथा यांना जोडतो. घाटापलीकडे पाणी अडविण्यास सुमारे अर्धशतक लागले आणि अडविलेले पाणी वाटून घेण्यासाठी आजही दर उन्हाळ्यात वेळापत्रक पाळावे लागते. घाटाअलीकडे नद्या आखूड आहेत, उतार तीव्र आहेत आणि पाणी थांबविण्यास मिळणारा अवधी थोडा आहे. अशा प्रदेशात प्रत्येक लहान धरणाची आणि प्रत्येक बंधाऱ्याची निगा राखणे हे त्या त्या गावाचे काम आहे. त्यासाठी अभियंता होण्याची आवश्यकता नाही. काय पाहावे हे ठाऊक असले आणि जे दिसले ते वेळीच लेखी कळविले, तर गावाची सुरक्षितता आणि त्याचे उन्हाळ्याचे पाणी, या दोन्ही गोष्टी पुष्कळ अंशी साधतात.